पाटाकाठचं देवगांडूळ

५ जून, गुरुवार

जागृतीने आज दगड उचलून दाखवला. पाटाच्या कडेला, दोन पोफळींच्या मधे, चिऱ्याचा एक चपटा तुकडा कित्येक वर्षं पडून आहे. मी त्यावर पाय ठेवून कळशी भरते. त्याच्याखाली काही जिवंत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. मातीत वाटीएवढा खळगा, त्यात करंगळीएवढं जाड, जांभळट, अंगभर वळ्या असलेलं काहीतरी वेटोळं घालून बसलेलं. वेटोळ्याच्या आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी, एका दोऱ्यात ओवल्यासारखी.

मी म्हटलं, "गांडूळ आहे."

"गांडूळ अंडी राखत बसतं का, काकू?"

"मग साप."

"सापही नाही. बेडकाचं नातेवाईक आहे. हाडं आहेत, दात आहेत. डोळेसुद्धा आहेत, पण कातडीखाली. ह्याला देवगांडूळ म्हणतात."

"देव कशाला लावला पुढे?"

"लोकांनी मारू नये म्हणून असेल," म्हणाली आणि दगड इतक्या हळू ठेवला की आवाजही झाला नाही.

जागृती तळा गावची. घरची भातशेती, ती मुंबईत शिकून आता ह्या प्राण्यावर प्रबंध लिहिते आहे. अलिबागला मैत्रिणीकडे राहते आणि स्कूटीवरून गावोगावच्या वाड्या पालथ्या घालते. पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला सर्व्हेवाली समजून पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. ती म्हणते, दोन पावसाळे फिरली तेव्हा हे एक घरटं मिळालं. आफ्रिकेतल्या ह्यांच्या एका जातीत पिल्लं आईच्या अंगावरची कातडी खरवडून खातात आणि वाढतात, आईला ती पुन्हा येते. इथल्या जातीत तसं होतं का, ते कुणी पाहिलेलं नाही. अंडी फुटेपर्यंत आई जगली आणि ते बघायला मिळालं तर तिचा प्रबंध उभा राहील. नाही मिळालं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायची तिला मुभा नाही.

मला तिने दोनच गोष्टी सांगितल्या. दगडाला हात लावायचा नाही. वाडीत खत टाकायचं नाही आणि औषध मारायचं नाही. मी शब्द दिला.

८ जून, रविवार

जागृतीने एक पुस्तक ठेवायला दिलं आहे. शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेलं, म्हणून मला कळतं. मी चौथी शिकलेली, पुढचं सगळं रद्दीतून. हे टेम्पो चालवायचे तेव्हा रद्दीच्या भाड्यातून दोन-चार पुस्तकं काढून आणायचे, पानं फाटलेली, काहींना शेवटच नसायचा. मी दिवसा वाचायचे आणि जेवताना ह्यांना सांगायचे. शेवट नसला की हे आपल्या मनाने लावायचे, आणि त्यात बहुतेक सगळ्यांचं बरं व्हायचं. हे गेल्यापासून सांगायला कुणी नाही, म्हणून वहीत लिहिते.

आज ती आली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. पुस्तकातला नकाशा मला कळला नाही म्हटलं, तर तिने परातीतला गोळाच उचलला.

"हे सगळं आधी एक होतं. हा आफ्रिका, हा आपण." तिने तुकडा तोडून परातीतून सरकवत नेला. वाटेत एक लचका मागे राहिला, तो मादागास्कर. पुढे एक कण सुटला, तो सेशेल्स. "तो सुटला त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हा वाहत होता. तुमच्या विहिरीचा काळा दगड तेव्हाचा."

"मग तुझे हे प्राणी तेव्हा होते कुठे?"

"सगळीकडे जळत असतानाही कुठेतरी ओल राहिली असणार. तिथे."

तिने तुकडा परातीच्या कडेवर नेऊन दाबला, पीठ दुमडून वर आलं. हिमालय. मग आपल्याबरोबर आलेल्यांतले काही तिथून पुढे गेले, पार ब्रह्मदेश, बोर्नियोपर्यंत, आणि तिकडचे वाघ, हरणं इकडे उतरली. म्हणजे आपल्या रानात दोन घरांचा संसार आहे, काही माहेरून आणलेलं, काही सासरचं.

"पोहत कशावरून आले नाहीत?" मी विचारलं.

"पोहून येऊच शकत नाहीत, काकू. ह्यांची कातडी उघडी. श्वास तिच्यातून, पाणी तिच्यातून. खाऱ्या पाण्यात अंगातलं पाणी ओढलं जातं आणि मरतात. म्हणून तर ते पुरावा आहेत. इथेही आहेत, आफ्रिकेतही आहेत, त्या कणाएवढ्या बेटांवरही आहेत. समुद्र ओलांडता येत नाही, म्हणजे जमीनच हलली असली पाहिजे. मादागास्करात मात्र एकही नाही. का, ते अजून कुणाला कळलेलं नाही."

हे मी मुद्दाम जसंच्या तसं उतरवून ठेवते आहे. हिमालय थापून भाजला आणि दोघींनी खाल्ला.

१४ जून, शनिवार

चांगदेव आला होता. माझा धाकटा भाऊ. पेणकडे आमच्या माहेरचं मिठागर आहे, निम्मं भरावाखाली गेलं, निम्मं तो चालवतो. दर वर्षी पाऊस पडायला लागला की एक पोतं जाडं मीठ टाकून जातो. नारळाच्या आळ्यांना, लोणच्याला, सुक्या मासळीला, सगळ्याला तेच.

"बाय, ह्या सालचा मीठ बग. दाना कसा परलाय, खडीसाखरंसारका."

जागृती दगडापाशी वाकून बसली होती. तिच्याकडे बघून मला म्हणतो, "ही पोरगी त्या किऱ्याला दगराखाली काय बगते? आमच्याकरं ये म्हनावा. बांदावर निवट्या हान. चालतान पन, पवतान पन."

ती हसून म्हणाली, "मामा, चिखलातल्या त्या माशांवर दुसरी लोकं काम करतात."

"काम कसला? आमी खातो."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं. मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा माझ्या बोलण्याची सासरी अशीच नक्कल व्हायची. मधे एक खाडी, पण अलीकडे ड म्हणतात आणि पलीकडे र. पुस्तकात लिहिलंय की डोंगर किंवा पाणी मधे आलं की दोन्हीकडचे जीव हळूहळू वेगळे होत जातात. माझं बोलणं तर दहा वर्षांत बदललं. चांगदेव आला की तेवढ्यापुरतं परत जातं.

पोतं पडवीत ठेवलं, विटांवर.

२१ जून, शनिवार

जागृती दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येते. दगड उचलते, मोबाइलवर फोटो काढते, ठेवते. नंतर माझ्याकडे चहा. आज म्हणाली, अंड्यांमध्ये पिल्लू वळवळताना दिसलं. मला फोटोत दाखवलं. शेवईचा तुकडा असावा तसं.

ती आली नाही त्या दिवशी मी पाटावर जाते तेव्हा दगडाच्या बाजूने वळसा घेते. कळशी आता खालच्या अंगाला भरते. घरात आपल्याशिवाय कुणी आहे म्हटल्यावर माणूस जसं पाय हळू टाकतं, तसं झालंय.

२८ जून, शनिवार

गोगलगाई आल्या. मोठ्या, तळहाताएवढ्या, आफ्रिकेतल्या म्हणतात त्या. माझ्या लहानपणी नव्हत्या. माणसांनी जहाजातून आणल्या, असं जागृती म्हणाली. म्हणजे एक आफ्रिकेचा नातेवाईक जमिनीवर बसून कोट्यवधी वर्षांनी आला आणि दुसरा तिकीट काढून. दुसऱ्याने वरच्या अंगाची सुपारीची रोपं शेंड्यापर्यंत खाल्ली. ही रोपं ह्यांनी शेवटच्या वर्षी बियाण्याच्या पक्क्या सुपाऱ्या, रोठे, निवडून पेरली होती. वीसेक लागली, आता धड बारा असतील.

शेजारची सगुणा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "केसर, तुझी वाडी म्हणजे गोगलगाईंचं माहेर झालंय. बाजारात निळ्या गोळ्या मिळतात, टाक की."

"मी औषध टाकणार नाही. शब्द दिलाय."

"त्या किड्याला सोसत न्हाय म्हणून माझ्या मिरवेली खायच्या व्हय त्यांनी? तुझ्याकडनंच येतात माझ्यात."

"मी वेचून काढते."

"वेच. पेन्शन मिळंल तुला त्याची."

२ जुलै, बुधवार

तीन दिवस वेचल्या. बादलीत टाकून लांब नेऊन टाकल्या, तेवढ्याच परत. आज संध्याकाळी ह्यांच्या रोपांतली आणखी दोन जमीनदोस्त झालेली दिसली. औषधाला हात लावला नाही. पडवीतलं थोडं मीठ नेऊन रोपांच्या भोवती टाकलं. गोगलगाई फेसाळल्या आणि आक्रसून गेल्या. सगुणाला कुंपणावरून ओरडून सांगितलं, तुझ्या निळ्या गोळ्यांशिवाय झालं बघ.

रात्री पाऊस जोरात आहे. रोपं आता वाचतील असं वाटतं.

५ जुलै, शनिवार

हे लिहायला हात होत नाही.

जागृतीने सकाळी दगड उचलला आणि तशीच धरून उभी राहिली. मी जाऊन बघितलं. वेटोळं सुटलेलं होतं. ती लांब पडली होती, अंग चिमलेलं, वळ्यांच्या मधली कातडी आत ओढलेली. अंडी पांढरी, दुधाळ, बसकी.

मला विचारायची गरज पडली नाही. मी मिठागरावर वाढले. आईबरोबर बोंबील, करंदी मीठ लावून सुकवली. मिठात पडलेला जीव कसा दिसतो ते मला झोपेतही ओळखता येईल. वर बघितलं. रोपांपासून पाटापर्यंत उतार आहे, आणि उताराच्या पायथ्याशी हा दगड.

जागृती खाली बसली. म्हणाली, "मी फार वेळा उचलला."

तिने दगड बाजूला ठेवला.

"सर सांगत होते, आठवड्यातून एकदाच बघ. मी ऐकलं नाही. उजेड लागला असेल, कोरडं पडलं असेल. माझ्यामुळेच झालं, काकू."

मी म्हणाले, "पाऊस केवढा झाला. पाणी शिरलं असेल आत."

हे माझ्या तोंडून इतकं सहज आलं की ऐकताना मलाच खरं वाटलं. तिने आईला आणि अंड्यांना एका बाटलीत घातलं. मी चहा केला. तिने घेतला नाही. कप मीच प्याले, गार.

६ जुलै, रविवार

मागची पानं वाचली. ८ जूनला माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, खाऱ्या पाण्यात मरतात. उतरवून ठेवते आहे असंही लिहिलंय. ते लिहिताना डोळ्यांपुढे समुद्र होता, आफ्रिका होती. पडवीतलं पोतं नव्हतं. औषध म्हणजे दुकानातून आणायचं, नाकाला झोंबणारं, हात धुवून घ्यायचं. मीठ म्हणजे आमच्याकडे दृष्ट काढायचं, दुखऱ्या घशाला गुळण्या करायचं, नव्या नारळाच्या खड्ड्यात पहिलं पडायचं. नारळ त्या मिठावर वाढतो, तो समुद्रावरून तरंगत येणारा. मला वाटलं, गोगलगाई सोडल्या तर ते सगळ्यांनाच मानवतं.

असं लिहिलं की मी बिचारी वाटते. पण पाणी शिरलं असेल, हे मी सगळं माहीत असताना म्हणाले.

१३ जुलै, रविवार

वाटलं होतं ती आता यायची नाही. घरट्यात उरलं काय? पण आज आली. दगड होता तिथली माती, मग थोडी वरची, मग रोपांजवळची, अशी वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घेतली. मी लांबून बघत होते. रोपांजवळ तिने बोटाला माती लावली आणि जिभेला लावली. दोनदा.

मी म्हटलं, "माती काय खातेस? अंगात लोह कमी असलं की अशी इच्छा होते. गोळ्या घे."

"घेते, काकू."

मग पायरीवर बसून म्हणाली, "चांगदेवमामा मिठाचं पोतं देऊन गेले ना ह्या वर्षी? तेव्हा मी इथेच होते."

"हो. लोणच्याला लागतं."

"सगळं लोणच्याला?"

"आणि मासळीला."

ती बराच वेळ पायरीवरचं शेवाळ नखाने काढत बसली. तिला लोणचं आवडतं हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. जाताना एक बरणी भरून दिली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि "काकू, काही सांगायचं असलं तर फोन करा. कधीही," म्हणाली. मी एकटी राहते म्हणून तिला काळजी वाटते. चांगली पोर आहे. ह्याच पोरीशी मी अशी वागते आहे.

१९ जुलै, शनिवार

कल्पिताला फोनवर सांगितलं. माझी मुलगी, पनवेलला असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, तू हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नकोस. जंगलखात्याचे लोक येतील. ते प्राणी कायद्यातले असले तर? ह्या वयात तुला कोर्टात उभं करायचंय का मला?"

"तिला वाटतंय की तिच्या हातून झालं."

"ती तरुण आहे. दुसरं शोधेल. ती तुझी कोण लागते?"

कोणी लागत नाही. तळ्याची आहे, दुसऱ्या जातीची, दुसऱ्या घरची, आठवड्यातून दोनदा चहाला येते. तिची स्कूटी वळणावर आली की मला आवाजावरून कळतं.

२४ जुलै, गुरुवार

जागृती नवं पुस्तक घेऊन आली. वाडीत तिला आता काही काम नाही, तरी येते. पडलेल्या झावळ्या उचलून बघते, खणत नाही. वरच्या वाड्यांमध्ये, डोंगराच्या पायथ्याला, सगळीकडे बघून झालं. कुठे नाही. मी विचारलं, इथे एवढी ओल, एवढी झाडं, मग बाकीच्या वाड्यांमध्ये का नसावीत?

म्हणाली, "ती फार लांब जात नाहीत. एका वाडीत हजारो वर्षं राहिली तरी खाडी ओलांडून पलीकडे जायची नाहीत. म्हणून प्रत्येक डोंगराला त्याची त्याची जात. एका ठिकाणची संपली तर बाजूच्यातून येऊन भरत नाही."

ती हे माझ्याकडे न बघता बोलली. पुस्तकाच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी भाजी परतायचं निमित्त करून आत गेले. भाजी झालेली होती.

आपल्याच दगडाखाली असलेली ती शेवटची होती का? ते कसं कळणार? इतकी वर्षं माझ्या पायाखाली होती ती एवढी एकटी असेल हे कळलं, आणि तेही माझ्या हाताने गेल्यावर.

२९ जुलै, मंगळवार

तिचा फोन आला. सरांनी सांगितलंय, मातीत क्षार जास्त निघाले, पण खाडी जवळ आहे, वाऱ्याने येतात, त्यावर काही ठरत नाही. आईने अंडी सोडली ती वारंवार उघडल्यामुळे, असं तिने अहवालात लिहावं, म्हणजे पद्धत चुकली म्हणून. मग पुढचं काम बाहेर नाही, संग्रहालयातल्या बाटल्यांमधल्या प्राण्यांवर. मोजमापं घ्यायची. बारा ऑगस्टला समितीपुढे वाचायचं आहे.

"बाटल्यांवरचं काम वाईट असतं का?" मी विचारलं.

"वाईट नसतं. मेलेलं असतं."

"पावसाचं पाणी शिरलं असं लिही ना."

"कुणी बघितलं असेल तर लिहीन, काकू. मातीत क्षार आहेत एवढंच माझ्याकडे आहे. ते कुठून आले हे मी अंदाजाने लिहू शकत नाही. कुणी सांगितलं तरच."

तिला सांगितलं तर ती खचेल, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. माझ्यावर तिचा एवढा विश्वास, तो मोडला तर तिला किती लागेल. आज हे मनात म्हणून बघितलं तर पुढे जाईना. खचणार ती नाही. वळणावरून स्कूटी यायची बंद होईल, ती भीती.

३ ऑगस्ट, रविवार

ठरवलं होतं आज सांगायचं. ती आली, पण सगुणा आधीच येऊन बसली होती. आपल्या मिरवेलींचं सांगत होती. "आमच्याकडे गोगलगाई कमी झाल्या हां ह्या वर्षी. केसरने काय केलं कुणास ठाऊक, न औषध न काही."

जागृती म्हणाली, "काय केलंत, काकू?"

सगुणा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "वेचल्या."

"वेचल्या कसल्या," सगुणा म्हणाली, "मला ओरडून सांगितलंस की तुझ्या गोळ्यांशिवाय झालं बघ. मंत्र मारलान् हिने."

जागृती हसली नाही. कप धुऊन पालथा घालून ठेवला आणि गेली. कप ती कधी धूत नाही, मी धुवू देत नाही.

हे असते तर ह्यांनी ह्या गोष्टीला कसला शेवट लावला असता? लावलाच नसता. आधी पडवीतलं मिठाचं पोतं तिच्यापुढे आणून ठेवलं असतं, मग मला म्हणाले असते, चल, सांग.

१० ऑगस्ट, रविवार

परवा तिला समितीपुढे उभं राहायचं आहे. सकाळी फोन केला आणि ये म्हटलं. का, ते तिने विचारलं नाही. तासाभरात आली.

ती पायरीवर बसून बूट काढत होती. एक काढून झाला होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"जागृती, वरच्या रोपांना मी मीठ टाकलं होतं. तू मेलेली बघितलीस त्याच्या तीन दिवस आधी. रात्री पाऊस लागला आणि सगळं उतरून पाटाकडे गेलं. तुझा हात लागून काही झालेलं नाही. पाणी शिरलं म्हणाले, तेव्हा मला माहीत होतं."

तिने दुसरा बूट काढला नाही. काढलेला परत घातला, नाडी बांधली. मला वाटलं निघाली. धक्का बसला असणार, चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

"लोणच्याचं म्हणाले, तेही खोटं. तुझ्या कामाचं वाटोळं मी केलं. तू पुस्तकं आणून देत होतीस आणि मी तुला तोंडावर—"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी रडले असते, ती गेली असती, काहीतरी संपलं असतं.

ती म्हणाली, "मुठीने टाकलंत की भांड्याने?"

"काय?"

"मीठ, काकू. कशाने टाकलंत?"

"मुठीने. पदरात घेऊन गेले होते."

"पोतं आहे अजून?"

"आहे."

तिने पाठपिशवीतून तो छोटा तराजू काढला, प्राणी तोलायचा. वर्तमानपत्र मागितलं. पोतं आम्ही दोघींनी ओढत वरच्या अंगाला नेलं. तिने रोपाशेजारी कागद अंथरला, चार दगड ठेवले. "कुठल्या रोपापासून सुरू केलंत?" मी दाखवलं. "उभ्याने की वाकून?" उभ्याने. "मग उभ्याने टाका. टाकलंत तसंच." तिचा आवाज दगड ठेवतानाच्या तिच्या हातासारखा होता. माझं नाव लिहावं लागेल, म्हणाली, समिती विचारेल कुणी सांगितलं. मी म्हटलं, पूर्ण लिही, सासरचं आणि गावासकट.

"कल्पिताताईंना विचारायचंय का?"

"नाही."

मी पोत्यात हात घातला आणि कागदावर मीठ टाकलं. तिने ते गोळा करून तराजूवर ठेवलं, आकडा बघितला, वहीवर पेन टेकवलं. आणि थांबली. लिहीना. माझ्याकडेही बघेना. पेनाच्या टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

मी तराजूकडे बघितलं. एखाद्या आमटीला पुरावं एवढं मीठ होतं. त्या संध्याकाळी ह्यांची रोपं आडवी पडलेली होती, मी दात आवळून एकेका गोगलगाईवर टाकत गेले होते, फेस बघून आणखी टाकत होते, पदर रिकामा झाल्यावर पुन्हा घरी जाऊन भरून आणला होता. वहीत मी थोडं मीठ असं लिहिलंय.

"हे नाही," मी म्हटलं. "हे पुसून टाक. आणि दोन खेपा केल्या होत्या."

तिने मान हलवली, तराजू झटकला, कागद सरळ केला. मी पोत्यापाशी गुडघ्यावर बसले, कोपरापर्यंत हात आत घातला, बोटं पूर्ण पसरली आणि मावेल तेवढं मीठ धरून वर काढलं.